बी.एस्सी. गणित, फाउंड्रीतली नोकरी आणि एम.एस्सी.चा निर्णय

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. कागलजवळच्या गावातला मुलगा, तीन वर्षांची बी.एस्सी. गणित घेऊन झालेली, पहिली दोन वर्षं सांख्यिकी जोडीला होती. गेली तीन वर्षं पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आता एम.एस्सी. करायची इच्छा आहे. त्याचे प्रश्न असे: गणितात करू की स्टॅटमध्ये? नोकरी सोडावीच लागेल की बाहेरून करता येईल? मेलबर्नला असलेला चुलतभाऊ म्हणतो, तिकडे गणित आणि सांख्यिकी मिळून एकच कोर्सवर्क मास्टर्स असतो, तोच कर. घरचे म्हणतात, बी.एड. करून मोकळा हो. आणि शेवटी, 'तीन वर्षांचा गॅप पडलाय, झेपेल का?'

मी कोल्हापुरातच एका वरिष्ठ महाविद्यालयात वीसेक वर्षं सांख्यिकी शिकवते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे नोकरी करून परत शिकायला येणारी मुलं दर वर्षी भेटतात, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. तुम्ही विचारलेल्या पाचांपैकी माझ्या दृष्टीने शेवटचाच खरा प्रश्न आहे, आणि तुम्ही तो जाता जाता विचारलाय. गणित की स्टॅट हे ठरवायला अजून वेळ आहे. दोन्हींच्या पहिल्या सत्रात तुम्हाला अडवणार आहेत त्याच दोन गोष्टी: रियल अनॅलिसिस (लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रल यांचा सिद्धतेसह अभ्यास) आणि लिनिअर अल्जेब्रा (मॅट्रिक्स आणि व्हेक्टरचं गणित). त्या हातात असतील तर कुठल्याही बाजूला जा, निभावून न्याल. नसतील तर स्टॅट घेतलं म्हणून सुटका होत नाही. 'गणित जड जातं म्हणून स्टॅट घेतलं' म्हणणारी मुलं पहिल्या सेमला एस्टिमेशन थिअरीच्या, म्हणजे नमुन्यावरून अज्ञात संख्येचा अंदाज काढण्याच्या, पेपरात आपटतात, हे मी जवळजवळ दर वर्षी बघते.

असं का होतं ते एका उदाहरणावरून सांगते, कारण नुसतं 'पाया पक्का हवा' म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि कुणी काही करत नाही.

समजा एका चलाचं वितरण शून्य ते थीटा या अंतरात युनिफॉर्म आहे, म्हणजे त्या अंतरात ते कुठेही सारख्याच शक्यतेने पडतं, आणि थीटा आपल्याला माहीत नाही. दहा निरीक्षणं घेतली, आता थीटाचा अंदाज काढायचा आहे. हे तुम्ही बी.एस्सी.ला केलेलं आहे. मॅक्सिमम लाइकलिहूडने, म्हणजे हाती आलेली निरीक्षणं ज्यामुळे सर्वांत संभाव्य ठरतात तो थीटा निवडला की, उत्तर येतं 'सर्वांत मोठं निरीक्षण'. ते थीटापेक्षा मोठं असूच शकत नाही, म्हणजे अंदाज सरासरीने कमीच येणार. त्याचं अपेक्षित मूल्य थीटाच्या १०/११ पट येतं, म्हणून ११/१० ने गुणलं की अनबायस्ड एस्टिमेटर, म्हणजे सरासरीने बरोबर थीटा देणारा अंदाज, मिळतो. त्याचा व्हेरिअन्स, म्हणजे तो किती विखुरतो याचं माप, काढा, तो येतो थीटाच्या वर्गाचा १२०वा भाग. इथपर्यंत बी.एस्सी. आता क्रामर-राव असमानतेच्या सूत्रात आकडे भरा. अनबायस्ड एस्टिमेटरचा व्हेरिअन्स याच्या खाली जाऊ शकत नाही अशी मर्यादा ते सूत्र देतं, आणि इथे ती येते थीटाच्या वर्गाचा १०वा भाग. म्हणजे आपला एस्टिमेटर मर्यादेच्या बारा पट खाली गेला! मग ज्यांच्या नावाने हे सूत्र आहे ते संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव चुकले का?

बी.एस्सी.चा विद्यार्थी इथे आकडेमोड परत तपासत बसतो. एम.एस्सी.त अपेक्षा असते की तुम्ही सिद्धता उघडून कुठली पायरी इथे लागू होत नाही ते दाखवाल. त्या सिद्धतेत एका ठिकाणी डेरिव्हेटिव्ह इंटिग्रलच्या आत नेलेलं असतं. आपल्या उदाहरणात इंटिग्रलची वरची मर्यादाच थीटा आहे, त्यामुळे थीटा हलला की अंतरही हलतं आणि ती अदलाबदल करता येत नाही. अट मोडली म्हणून प्रमेय लागू नाही, राव यांचं काहीच चुकलेलं नाही. पण 'डेरिव्हेटिव्ह आत कधी नेता येतं' हा प्रश्न सांख्यिकीचा नाहीच, तो रियल अनॅलिसिसचा आहे. म्हणून मी म्हणते की स्टॅटला गेलात तरी रियल तुमच्या मागे येणारच.

लिनिअर अल्जेब्राचंही तेच. रिग्रेशन, मल्टिव्हेरिएट, डिझाइन, सगळीकडे क्वाड्रॅटिक फॉर्म, प्रोजेक्शन आणि आयगेनव्हॅल्यू येतात. सिमेट्रिक मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू रियल का असतात हे ज्याला स्वतः लिहून दाखवता येतं त्याला प्रिन्सिपल कम्पोनंट अनॅलिसिस दोन तासांत कळतं. ज्याला येत नाही तो वर्षभर सॉफ्टवेअरमधलं आउटपुट पाठ करतो.

तेव्हा आधी स्वतःची परीक्षा घ्या. एखाद्या रविवारी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहा. एक, वरून बांधलेली आणि वाढत जाणारी सीक्वेन्स कन्व्हर्ज होते, याची सिद्धता. दोन, सिमेट्रिक मॅट्रिक्सबद्दल आत्ता म्हटलं ते, आणि वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे व्हेक्टर एकमेकांना लंब का असतात ते. तीन, वरच्या उदाहरणातलं १०/११ कुठून आलं. तिन्ही आलं नाही तरी घाबरू नका, तीन वर्षांनी कुणालाच येत नाही. बघायचं ते हे की अर्धा तास अडकल्यावर तुम्ही काय करता. वही उघडून व्याख्या परत वाचता, छोटं उदाहरण घेऊन बघता, चिडून का होईना बसून राहता, की उत्तर शोधायला फोन आणायला उठता? दोन वर्षांच्या एम.एस्सी.त बहुतेक वेळ अडकलेल्या अवस्थेतच जाणार आहे. ती अवस्था सहन होते का, एवढंच तपासायचं आहे.

आता गॅपचा मुद्दा. तीन वर्षं नोकरी केल्याने प्रवेशाला फारशी अडचण येत नाही, विद्यापीठं पदवी आणि प्रवेश परीक्षेचे गुण बघतात. अडचण सरावाची असते, आणि तो पाच-सहा महिन्यांत परत येतो, मी येताना बघितलाय. किंबहुना कारखान्यातून आलेल्या मुलांची एक गोष्ट मला आवडते. ती 'हे कशाला शिकायचं?' असं विचारत नाहीत, डेटा किती घाणेरडा असतो हे त्यांनी आधीच पाहिलेलं असतं.

त्यावरूनच गणित की स्टॅट याकडे वळते. इथे माझी बाजू उघड आहे, मी स्टॅटची आहे, तेव्हा पुढचं थोडं सावधपणे वाचा.

तुमच्याच खात्यातलं उदाहरण घेऊ. एका हीटमधून, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूतून, समजा २०० कास्टिंग (ओतीव नग) निघतात आणि सरासरी रिजेक्शन ४ टक्के आहे, म्हणजे हीटमागे ८ नग. तुमच्या कंट्रोल चार्टमागे, म्हणजे दर हीटचं रिजेक्शन ठिपक्याने दाखवणाऱ्या आलेखामागे, बायनॉमियल वितरण गृहीत धरलेलं असतं. त्या हिशेबाने स्टँडर्ड डेव्हिएशन येतं साधारण २.८ आणि वरची लिमिट (सरासरी अधिक तीन स्टँडर्ड डेव्हिएशन) १६ च्या जरा वर. प्रत्यक्षात काय होतं? दर आठवड्याला एखाददुसरा ठिपका १८ ला, २० ला जातो. लगेच बैठक बसते, कारण शोधा, फॉर्म भरा. कुणी वाळूचा ओलावा म्हणतं, कुणी कोअरवर ढकलतं, आणि दोन दिवसांनी आपोआप सगळं ठीक होतं. मग हळूहळू त्या चार्टकडे कुणी बघेनासं होतं.

इथे बहुधा गृहीतकातच खोट असते. बायनॉमियलला प्रत्येक नग स्वतंत्र असावा लागतो. एकाच हीटमधले २०० नग स्वतंत्र कसे असतील? धातू तोच, ओतण्याचं तापमान तेच, वाळूही बरीचशी तीच. ब्लोहोल (धातूत राहिलेल्या वायूच्या पोकळ्या) आले तर घोळक्याने येतात. दोन नगांमधला सहसंबंध अवघा ०.०२ धरला तरी व्हेरिअन्स जवळपास पाचपट होतो, कारण गुणक १ अधिक १९९ गुणिले ०.०२ असा येतो. स्टँडर्ड डेव्हिएशन ६.२ च्या आसपास जातं आणि वरची लिमिट सव्वीस-सत्तावीसवर. म्हणजे २० चा ठिपका हा त्या प्रक्रियेचा नेहमीचाच भाग होता. याचा अर्थ २० रिजेक्शन चालतील असा नाही. अर्थ एवढाच की त्या एका हीटमध्ये गुन्हेगार शोधण्यात दिवस घालवू नका, हीट-हीटमध्ये इतका फरक मुळात का पडतो याच्या मागे लागा. तो प्रश्न वेगळा आहे, त्याचे प्रयोग वेगळे आहेत, आणि ते प्रयोग आखायला स्टॅटची एम.एस्सी. शिकवते.

हे वाचताना तुम्हाला 'अरे, आमच्याकडचा चार्ट असाच वागतो' असं वाटून तो आकडा स्वतः करून बघावासा वाटला तर स्टॅट. आणि याच्याऐवजी मन मागे राहिलं असेल, 'डेरिव्हेटिव्ह आत कधी नेता येतं' तिथेच, आणि फाउंड्रीचं उदाहरण कधी संपतंय असं झालं असेल, तर गणित. मी थट्टा करत नाहीये. गणिताच्या एम.एस्सी.त ग्रुप, रिंग, फील्ड, टोपोलॉजी, मेझर, फंक्शनल अनॅलिसिस यांतून जाताना आकडा क्वचितच भेटतो. ज्याला त्यात आनंद आहे त्याने तो केवळ नोकरीच्या भीतीने सोडू नये. नुसतं 'स्टॅटला स्कोप आहे' म्हणून आलेली मुलं दुसऱ्या सेमला डेटा सायन्सच्या ऑनलाइन कोर्सकडे पळतात आणि इकडचंही राहतं, तिकडचंही.

एक व्यवहाराची अडचण आत्ताच सांगते. गणित मुख्य विषय घेतलेल्या पदवीधराला स्टॅटच्या एम.एस्सी.ला सगळीकडे दार उघडं नसतं. काही ठिकाणी पदवीला सांख्यिकी मुख्य विषय लागतो, काही ठिकाणी दोन वर्षं जोडविषय म्हणून केलेलं चालतं, काही ठिकाणी प्रवेश परीक्षा पास झालात की पुरे. शिवाजी विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्र हे दोन वेगळे अधिविभाग आहेत, आणि संख्याशास्त्रात नेहमीच्या एम.एस्सी.शिवाय उपयोजित संख्याशास्त्र आणि इन्फर्मॅटिक्स असाही अभ्यासक्रम आहे. कुठल्याला तुम्ही पात्र ठरता हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा आणि पहिल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका घेऊन अधिविभागाच्या कार्यालयात जाऊन या. मित्राच्या मित्राने सांगितलेली पात्रता धरून चालू नका.

चुलतभावाचं म्हणणं चूक नाही. मेलबर्न विद्यापीठात गणित आणि सांख्यिकी अशा एकाच नावाचा दोन वर्षांचा मास्टर्स आहे. पण त्यातही आत गेल्यावर शुद्ध गणित, उपयोजित गणित, डिस्क्रीट गणित व ऑपरेशन्स रिसर्च, किंवा सांख्यिकी व स्टोकॅस्टिक प्रोसेस यांतलं एक निवडावं लागतं, आणि संशोधन प्रकल्पही असतो. म्हणजे 'एकाच पदवीत दोन्ही' हे नावापुरतं. तिथे जायला हरकत काहीच नाही, पण परदेशी विद्यार्थ्याची फी, राहणं आणि शैक्षणिक कर्ज हा हिशेब घरच्यांसोबत बसून करायचा आहे, तो मी इथून करू शकत नाही. माझं मत विचाराल तर शिष्यवृत्तीशिवाय, घर-शेती तारण ठेवून पहिल्या मास्टर्ससाठी बाहेर जाऊ नये. इथे चांगली एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी बाहेर गेलात तर बहुतेक वेळा तेच तुम्हाला पैसे देतात.

आपल्याकडची एम.एस्सी. मुळात तासांची आणि पेपरांचीच पदवी होती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात तिची रचना बदलली. दोन वर्षांचे ८८ क्रेडिट, त्यांतले ४ संशोधन पद्धतीचे, ४ ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे आणि १० संशोधन प्रकल्पाचे. एका वर्षानंतर पदव्युत्तर डिप्लोमा घेऊन बाहेरही पडता येतं. चार वर्षांची ऑनर्स पदवी असलेल्याला एम.एस्सी. एका वर्षाची, तुमची तीन वर्षांची आहे म्हणून तुम्हाला दोन. या रचनेत तुमचा एक फायदा आहे तो सोडू नका. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी बाकीची मुलं ओळखी शोधत हिंडतात, तुम्ही तुमच्याच जुन्या खात्यात जाऊ शकता. म्हणून नोकरी सोडताना भांडून सोडू नका. मॅनेजरला आत्ताच सांगून ठेवा की वर्षभराने हीटनिहाय रिजेक्शनचा डेटा मागायला येईन, नावं काढून दिला तरी चालेल.

नोकरी सोडायची का? नियमित एम.एस्सी. करायची असेल तर हो. सकाळपासून दुपारपर्यंत तास, मग प्रॅक्टिकल, शिवाय ७५ टक्के हजेरी. 'सेकंड शिफ्ट घेतो आणि सकाळी तास करतो' असं सांगणारे भेटतात. पहिल्या अंतर्गत परीक्षेपर्यंत येतात, पुढे दिसत नाहीत. दोष त्यांचा नाही, रात्री साडेबाराला घरी पोचलेला माणूस सकाळी मेझर थिअरी ऐकू शकत नाही.

बाहेरून करायचा पर्याय खराच आहे, बनावट नाही. इग्नूची उपयोजित सांख्यिकीची एम.एस्सी. आहे, गणित आणि संगणकशास्त्रातल्या उपयोगांची आहे, शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातूनही गणिताची एम.एस्सी. होते. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पदवीच्या कागदाचा प्रश्न असेल, म्हणजे बढतीसाठी किंवा परीक्षेच्या पात्रतेसाठी, तर बाहेरून जरूर करा. पण तुम्हाला खरोखर शिकायचं असेल तर बाहेरून शिकणं नियमितपेक्षा अवघड आहे, सोपं नाही. लिहिलेली सिद्धता कुणीतरी वाचून 'इथे तू उडी मारलीस' असं म्हणावं लागतं. स्वयम् आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी मंचांवर उत्तम व्याख्यानं फुकट आहेत, मी स्वतः विद्यार्थ्यांना लावून देते. तरी काठावर बसून कुस्ती बघणाऱ्याला डाव सगळे कळतात आणि लाल मातीत उतरला की एकही आठवत नाही, तसं होतं. घरची जबाबदारी अशी असेल की पगार थांबूच शकत नाही, तर मग बाहेरूनच करा, फक्त चार-पाच जणांचा गट जमवा आणि आठवड्यातून एकदा एकमेकांच्या वह्या तपासा.

आत्तापर्यंतचं दोन ओळींत: सराव परत आणता येतोय का ते आधी बघा, मग विषय मनाच्या ओढीवर आणि पात्रतेवर ठरवा, आणि पैशांची सोय असेल तर नियमितच करा.

कुठे करायची, यात मी दोन पायऱ्या मानते. कोल्हापूर ही पायाखालची जमीन. कागलहून रोज एसटीने येऊन-जाऊन होतं, घरचं जेवण, खर्च मर्यादित. विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय पूर्ण वापरलंत तर पुस्तकांवर खर्च नाही. कमवा आणि शिका योजना आहे, तिची चौकशी करायला लाजू नका. इथला प्रवेश परीक्षा देऊन होतो आणि त्या परीक्षेत पदवीचाच अभ्यासक्रम असतो.

पण जॅमचा फॉर्म भरल्याशिवाय कोल्हापूर पक्कं करू नका. आयआयटींमधल्या एम.एस्सी.साठीची ही परीक्षा फेब्रुवारीत होते, अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. गणिताचा आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा असे दोन वेगळे पेपर आहेत. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यांतले ३० प्रश्न एका अचूक पर्यायाचे, चुकलं की गुण कापतात. १० प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि २० प्रश्नांत आकडा काढून लिहायचा असतो, या दोन्हीत चुकलं तरी वजाबाकी नाही. स्टॅटच्या पेपरातही गणिताचा स्वतंत्र भाग असतो, म्हणजे परत तेच रियल आणि लिनिअर. कोल्हापूरच्या मुलांना ही परीक्षा 'आपली नाही' असं उगाच वाटतं. प्रश्न बी.एस्सी.चेच असतात, फक्त आपल्या विद्यापीठाच्या पेपरात न विचारल्या जाणाऱ्या बाजूने विचारतात.

इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची गोष्ट वेगळी. महालनोबिसांनी १९३१ मध्ये कोलकात्यात सुरू केलेली ही संस्था. तिथल्या एम.स्टॅट.ला, म्हणजे सांख्यिकीच्या पदव्युत्तर पदवीला, शिकवणी फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. प्रवेश परीक्षेत पर्यायी प्रश्नांसोबत सविस्तर उत्तरांचा पेपर असतो आणि तिथे चाळणी लागते, कारण उत्तराइतकाच युक्तिवाद बघतात. गणिताकडे ओढा असेल तर त्यांचंच एम.मॅथ. आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट हेही बघा. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे, हैदराबादचं विद्यापीठ त्यातून मिळतं. गणित घेतलंत तर पहिल्या वर्षी एमटीटीएसच्या (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिराला अर्ज करा. प्रा. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आहे. त्या चार आठवड्यांत प्रश्न विचारायची भीड जाते, आणि आपल्या मुलांची सर्वांत मोठी अडचण तीच असते. वर्गात सगळं 'कळलं मॅडम' आणि पेपरात कोरं पान.

पुढे काय, याबद्दल घरच्यांना सांगता येईल असं बोलते. बी.एड.ला माझा विरोध नाही, पण क्रम बघा. एम.एस्सी.नंतर बी.एड. केलंत तर कनिष्ठ महाविद्यालयाचं दार उघडतं, आत्ता बी.एड. केलंत तर शाळेपुरतं. दोन्हीकडे भरती शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलच्या वेगाने होते, आणि तो वेग तुमच्या घरच्यांनीही पेपरात वाचला असेल. वरिष्ठ महाविद्यालयासाठी ५५ टक्क्यांची एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. लागते. सेट आपल्या राज्याची आणि गोव्याची मिळून पुण्याचं विद्यापीठ घेतं. नेटमध्ये गणित आणि सांख्यिकी एकाच मॅथेमॅटिकल सायन्सेसच्या पेपरात असतात. पहिलं युनिट, अनॅलिसिस आणि लिनिअर अल्जेब्रा, दोघांना सामाईक. पुढची दोन गणितवाल्यांची, चौथं सांख्यिकीवाल्यांचं. हे पहिलं युनिट बघा म्हणजे मी सारखी त्याच दोन विषयांवर का येते ते कळेल. आणि नेट झाली म्हणजे नोकरी झाली असं नाही. सीएचबीवर, तासाच्या मानधनावर, वर्षानुवर्षं शिकवणारे नेट-सेटधारक माझ्या ओळखीचे आहेत. प्राध्यापकी हेच एकमेव ध्येय धरून नोकरी सोडत असाल तर मी थांबा म्हणेन.

स्टॅटवाल्याला आणखी काही वाटा आहेत. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा, वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला २१ ते ३०, आणि पात्रतेला पदवीत एक विषय म्हणून सांख्यिकी किंवा सांख्यिकीतली पदव्युत्तर पदवी. निव्वळ गणितवाल्याला तिथे बसता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी विभागाची ग्रेड बी भरती आहे. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आणि त्याची जिल्हा कार्यालयं आहेत. पुण्यात औषधांच्या क्लिनिकल ट्रायलचा डेटा हाताळणाऱ्या कंपन्या बायोस्टॅटवाले घेतात. आणि फाउंड्रीचा अनुभव अधिक डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स (प्रयोग आखण्याचं शास्त्र) येणारा माणूस आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांना हवाच असतो, त्यांना तो कुठे मिळेल हे माहीत नसतं एवढंच. गणितवाल्यासाठी शिकवणं आणि संशोधन हे सरळ रस्ते, बाकी वळणं घेत जावं लागतं. प्रोग्रामिंग दोघांनीही शिकावं, आर किंवा पायथन, कुठलंही एक नीट.

हे सगळं तुमच्या काही गोष्टींवर अवलंबून आहे, ज्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत: पदवीचे टक्के, घरावरचं कर्ज, वय, लग्नाची घाई. टक्के पंचावन्नच्या खाली असतील तर काही संस्थांची दारं अर्जालाच बंद होतील, मग कोल्हापूर आणि इग्नू यांचाच विचार करा. वय अठ्ठावीसच्या पुढे असेल तर सांख्यिकी सेवेचं गणित बिघडतं.

आता लगेच करायचं ते. रोज पहाटे किंवा ड्यूटीनंतर दीड तास, आणि रविवारी चार तास, एवढा वेळ काढा. पहिले दोन महिने फक्त रियल: सीक्वेन्स, सीरिज, कंटिन्युइटी, रीमन इंटिग्रल. वाचायचं कमी, लिहायचं जास्त, प्रमेय बंद करून परत लिहायचं. पुढचे दोन महिने लिनिअर अल्जेब्रा. मग प्रॉबॅबिलिटी आणि डिस्ट्रिब्युशन, सोबत जॅमचे जुने पेपर वेळ लावून. जॅमच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. पदवीचीच पुस्तकं पुरतात, नवीन गाईड आणू नका. दोन महिन्यांनी परत तो रविवारचा कोरा कागद घेऊन बसा आणि पहिल्या वेळच्या कागदाशेजारी ठेवून बघा. फरक दिसला नाही तर मला किंवा तुमच्या जुन्या सरांना दोन्ही कागद दाखवा, नुसतं 'जमत नाही' म्हणून सोडू नका.

राजीनाम्याचं मात्र घाई न करता करा. प्रवेश फेरीत नाव लागून फी भरल्यावरच पत्र द्या. नोटीस पिरियड किती आहे ते नेमणूकपत्रात आत्ताच बघून ठेवा, कारण तो तीन महिन्यांचा असेल तर मॅनेजरशी बोलणं मार्च-एप्रिलमध्येच करावं लागेल. पीएफ काढू नका, खातं तसंच राहू द्या. आणि अनुभव प्रमाणपत्रावर 'क्वालिटी, एसपीसी (स्टॅटिस्टिकल प्रोसेस कंट्रोल)' असं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं 'ट्रेनी' नको.